हेल्मेट सगळ्यात शेवटी

कारखान्यातल्या अपघाताची बातमी वाचली की घरात कुणीतरी विचारतंच, "अहो, पण या लोकांना हेल्मेट, हातमोजे वगैरे काही देत नाहीत का?" प्रश्न कळकळीचा असतो. बातमीतही बहुधा तेच छापलेलं असतं, की सुरक्षा साधने पुरवली नव्हती. साधनं दिली असती तर माणूस वाचला असता, असं आपण धरून चालतो.

पण ड्रिल मशीनवर काम करताना हातमोजे घालायचे नसतात. फिरत्या ड्रिलमध्ये मोज्याचा एक धागा अडकला तरी मोजा गुंडाळला जातो आणि त्याच्याबरोबर आतला हातही. उघड्या बोटाला कदाचित नुसतं खरचटलं असतं, मोज्यातलं बोट मात्र जातं. लेथवरही हाच नियम. म्हणजे ज्या वस्तूला आपण सुरक्षा म्हणतो, तीच चुकीच्या जागी घातक ठरते. मग सुरक्षा सुरू होते तरी कुठून? ते पाहायला आपण नोएडाला जाऊ.

नोएडा हे मुळात गावाचं नाव नाही. 'न्यू ओखला इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट ऑथॉरिटी' या लांबलचक सरकारी नावाची ती आद्याक्षरं आहेत. हे प्राधिकरण १७ एप्रिल १९७६ रोजी, ऐन आणीबाणीत स्थापन झालं. पुण्या-मुंबईच्या घरांत नोएडाचं नाव येतं ते आयटी कंपन्या आणि वृत्तवाहिन्यांमुळे, पण या शहराच्या नावातच उद्योग आहे. तयार कपडे, मोबाईल फोन, इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग, पत्रा ठोकणाऱ्या लहान शेड आणि कधीच न संपणारी बांधकामं. भोसरी, चाकण, तळोजा किंवा वाळूजच्या माणसाला तिथं फार परकं वाटणार नाही.

१. आजीची विळी

नोएडात शिरण्याआधी दोन शब्द नीट समजून घेऊ. धोका आणि जोखीम हे शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी वापरतो. सुरक्षेच्या कामात त्यांची फारकत करावी लागते, आणि त्यासाठी स्वयंपाकघर पुरतं.

विळीचं पातं हा धोका. आजी भाजी चिरत असो वा विळी कोपऱ्यात पडून असो, धार तेवढीच असते. ते पातं कुणाला लागण्याची शक्यता किती आणि लागलं तर इजा केवढी, या दोन्ही मिळून होते ती जोखीम. चिरून झाल्यावर आजीने विळी आडवी करून भिंतीशी सरकवली की धोका तसाच राहतो, जोखीम उतरते. घरात नातवंड रांगायला लागलं की धोका तसाच असूनही जोखीम चढते, आणि मग आजी विळी फळीवर ठेवायला लागते. तिने कुठला कोर्स केलेला नसतो.

कारखान्यात नेमकी इथंच गफलत होते. "वीस वर्षं हे मशीन असंच चालतंय, कुणाला काही झालं नाही," हे वाक्य प्रत्येक एमआयडीसीत ऐकायला मिळतं. खरंही असतं ते. पण त्यातून एवढंच कळतं की वीस वर्षं पातं कुणाला लागलं नाही. पात्याची धार गेली, असं त्यातून निघत नाही.

२. डोळ्यांना न दिसणारे

उघडा पट्टा, ओला जिना, लोंबणारी वायर हे धोके कुणालाही दिसतात. पंचाईत होते ती न दिसणाऱ्यांची.

आवाजाचंच घ्या. तो डेसिबलमध्ये मोजतात, पण डेसिबल फूटपट्टीसारखे वाढत नाहीत. ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. अमेरिकेतल्या नायॉश या संशोधन संस्थेने सुचवलेली मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे. आता हिशोब करा. ८८ला चार तास, ९१ला दोन, ९४ला एक, ९७ला अर्धा, आणि १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. चहाच्या सुट्टीआधीच कानाचा दिवसभराचा वाटा संपला! आपल्या कारखाना नियमांत आठ तासांची मर्यादा ९० डेसिबल आहे, म्हणजे आपण जरा जास्तच उदार आहोत. मोजायचं यंत्र नसेल तर एक साधी परीक्षा आहे. हातभर अंतरावरच्या माणसाशी आवाज चढवून बोलावं लागलं, तर ८५ केव्हाच ओलांडले असं समजावं. या बहिरेपणात दुखत काहीच नाही. उंच पट्टीतले ध्वनी आधी जातात, म्हणजे 'स' आणि 'श'सारखे. घरात टीव्हीचा आवाज वाढत जातो आणि बायको वैतागते. कारखान्यात कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण तिथं सगळेच ओरडून बोलत असतात.

धुळीची गोष्ट याच्या उलटी. जी धूळ दिसते, अंगावर बसते, नाकात हुळहुळते, ती त्यातल्या त्यात बरी. ती नाकाघशात अडते आणि शिंकेवाटे बाहेर पडते. फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात ते काही मायक्रॉनचे कण. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करावा. दगड, लादी, काँक्रीट कापताना असे कण उडतात. त्यातली सिलिका फुप्फुसात रुतून बसली की सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. अनेकदा तर त्याला क्षयच समजून औषधं चालू राहतात. एरवी न दिसणारी ही धूळ पाहायची कशी? लहानपणी माजघरात कौलातून कवडसा पडायचा आणि त्यात कण नाचताना दिसायचे, ते आठवतं? औद्योगिक आरोग्याचे तज्ज्ञ तेच करतात. काळोख्या शेडमध्ये प्रखर दिव्याचा झोत सोडतात आणि बाजूने पाहतात. एवढा वेळ स्वच्छ वाटणारी हवा एकदम गच्च भरलेली दिसते.

इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात सोल्डरिंग चालतं. शिसं-कथिलाचं सोल्डर १८३ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. इतक्या तापमानाला शिशाची वाफ होत नाही. शिसं पोटात जातं ते न धुतलेल्या हातांनी डबा खाल्ल्यामुळे. नाकात जातो तो फ्लक्समधल्या राळेचा धूर, आणि त्याने दमा जडू शकतो. १ जुलै २००६पासून युरोपीय महासंघाने बहुतेक इलेक्ट्रॉनिक मालात शिशाला बंदी केली, तेव्हा निर्यात करणाऱ्यांना बिनशिशाच्या सोल्डरकडे वळावं लागलं. शिसं गेलं, छान झालं. पण नवं सोल्डर वितळायला २१७ अंशांच्या वर जावं लागतं, राळ अधिक तापते आणि धूर राहतोच. एक धोका काढताना मागच्या दाराने दुसरा आत आला का, हे म्हणूनच दर वेळी पाहावं लागतं.

यातला सगळ्यात फसवा धोका टाक्या आणि गटारांतला. सडलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. त्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो, म्हणून लोक म्हणतात, "वास आला की बाहेर पडू." पण हवेच्या दहा लाख भागांत साधारण १०० भाग इतकं त्याचं प्रमाण झालं की नाकच बधिर होतं. वास नाहीसा होतो, माणसाला वाटतं गॅस गेला, आणि तो आणखी एक पायरी खाली उतरतो. प्रमाण पाच-सातशेवर गेलं की शुद्धच हरपते. मग वरचा दुसरा त्याला काढायला उतरतो, त्याच्यामागून तिसरा. अशा बातम्यांत मृतांचा आकडा बहुधा एकाहून जास्त असतो, तो यामुळे. आपल्याकडे जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहायची रीत होती. कंदील विझला तर खाली प्राणवायू कमी आहे, एवढं कळायचं. पण विषारी वायू त्याला ओळखता येत नाही आणि मिथेन साचलेला असेल तर कंदीलच स्फोट घडवेल. हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो. तो १९.५च्या खाली गेला तर आत उतरायचं नाही, आणि हे सांगायला गॅस मोजणारं यंत्रच हवं.

३. हिरा

धोके हुडकले की प्रश्न येतो, आधी कुठला हातात घ्यायचा? कारखान्यात यासाठी एक तक्ता भरतात. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून सगळे त्याला 'हिरा' म्हणतात. "हिरा अपडेट केला का?" असं सेफ्टी ऑफिसर विचारतो, तेव्हा नवख्याला सराफकट्ट्यावर आल्यासारखं वाटतं.

रीत सोपी आहे. अपघाताच्या शक्यतेला १ ते ५ गुण, परिणामाला १ ते ५ गुण, आणि दोन्हींचा गुणाकार. समजा, कँटीनसमोरची फरशी ओली राहते. शक्यता ४, कारण रोज कुणी ना कुणी घसरतो. परिणाम २, मुका मार. गुणाकार ८. आता गच्चीवरचा सिमेंटचा पत्रा घ्या. त्यावर वर्षातून एकदाच माणूस चढतो, म्हणून शक्यता २. पण पत्रा फुटला तर तो तीस फूट खाली पडेल, म्हणून परिणाम ५. गुणाकार १०. रोज दिसते ती फरशी, पण आधी हात घालायचा तो पत्र्याला.

या आकड्यांवर माझा अर्धाच विश्वास आहे. ते क्रम लावायला उपयोगी पडतात, त्यापलीकडे त्यांना अर्थ नाही. ऑडिट जवळ आलं की १६चे ४ होतात आणि 'केलेली उपाययोजना' या रकान्यात लिहिलेलं असतं 'कामगारांना प्रशिक्षण दिले'. मशीन होतं तिथंच असतं. तपासणाऱ्याने तक्ता बाजूला ठेवून शेडमध्ये चक्कर मारावी आणि हेल्परला विचारावं, "थोडक्यात वाचलास, असं शेवटचं कधी झालं?" त्या उत्तरात जेवढं सापडतं तेवढं दहा तक्त्यांत सापडत नाही.

४. नऊ सेकंद

आता उपायांकडे. उपायांची एक उतरंड आहे, पाच पायऱ्यांची. ती पाठ करण्यापेक्षा नोएडात प्रत्यक्ष पाहता येते.

सेक्टर ९३ए मधले एपेक्स आणि सेयान हे जोड मनोरे सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०२१ रोजी बेकायदा ठरवून पाडायला सांगितले. एक ३२ मजली, दुसरा २९. उंची शंभर मीटरच्या आसपास, म्हणजे कुतुबमिनारपेक्षा जास्त. शेजारची राहती इमारत अवघ्या नऊ-दहा मीटरवर. काम मिळालं मुंबईच्या एडिफिस इंजिनिअरिंगला, आणि तिच्या जोडीला दक्षिण आफ्रिकेची जेट डिमॉलिशन. २८ ऑगस्ट २०२२, रविवार, दुपारी अडीच वाजता सुमारे ३,७०० किलो स्फोटकं उडाली आणि साधारण नऊ सेकंदांत दोन्ही मनोरे खाली बसले. ढिगारा अंदाजे ८०,००० टनांचा. नोएडातच बसलेल्या वाहिन्यांनी दिवसभर काउंटडाउन लावलं होतं, ते तुम्हीही पाहिलं असेल. मी त्या दिवशी धुरळ्यापेक्षा तयारीच जास्त पाहत होतो.

पहिली पायरी, धोका मुळातूनच काढणं. आग लागू नये म्हणून शेजारच्या वसाहतींचा गॅस आणि वीज आधीच बंद केली. एमराल्ड कोर्ट आणि एटीएस व्हिलेज या दोन वसाहतींतली सुमारे ५,००० माणसं सकाळीच बाहेर काढली, गाड्याही हलवल्या. ज्याला इजा व्हायची तोच जागेवर नाही, मग इजा कुणाला? दुसरी पायरी, धोक्याची बदली. मजला मजला हाताने फोडत खाली यायचं तर मजुरांना फार मोठा काळ त्या उंचीवर राहावं लागलं असतं. स्फोटाची पद्धत घेतल्याने ते काम भोकं पाडण्याच्या आणि तयारीच्या काही महिन्यांवर आलं. ते काम बिनधोक होतं असं नाही, पण जोखमीचे दिवस घटले.

तिसरी पायरी यंत्रा-तंत्राची. खांबांना तारेची जाळी आणि जिओटेक्स्टाइल कापडाचे थर गुंडाळले, म्हणजे उडणारे तुकडे तिथंच अडकावेत. सगळी स्फोटकं एकदम न उडवता क्षणाच्या बारीक अंशांच्या अंतराने मजल्यामागून मजला उडवला, म्हणजे जमिनीला एकच प्रचंड हादरा बसू नये. आधी १० एप्रिलला चाचणीचा लहान स्फोट करून हिशोब ताडून पाहिला. चौथी पायरी नियमांची आणि वेळापत्रकाची. एक्स्प्रेसवे अडीचच्या आगेमागे बंद, आकाशात ड्रोनला मनाई, रुग्णालयं सज्ज, बंदी असलेल्या टापूत मोजकीच माणसं.

आणि पाचवी, सगळ्यात शेवटची पायरी हेल्मेट, मास्क, गॉगल यांची. ती साधनंही होती. पण त्या दुपारी कुणाचा जीव हेल्मेटमुळे वाचला नाही, वरच्या चार पायऱ्यांमुळे वाचला. मनुष्यहानी शून्य. एटीएस व्हिलेजच्या कुंपणाच्या भिंतीचा दहाएक मीटर भाग पडला आणि काही काचा फुटल्या, एवढंच.

शेवटच्या पायरीवर भरवसा का ठेवायचा नाही? पहिल्या तीन पायऱ्यांना माणसाच्या स्वभावाशी देणंघेणं नसतं. जाळी बांधली की ती रात्रपाळीतही बांधलेलीच असते. हेल्मेट मात्र मे महिन्याच्या उकाड्यात डोक्यावरून उतरतं, मास्क तंबाखू थुंकायला खाली येतो. यात कामगार निष्काळजी असतो असं म्हणायची घाई करू नये. ४४ अंशांत आठ तास रबरी मास्क लावून बसायचं म्हणजे काय, हे आधी स्वतः करून पाहावं. मग ठरवावं.

५. दोन बटणं

मनोरा आयुष्यात एकदा पडतो. पॉवर प्रेस मिनिटाला कित्येकदा पडतो.

वाहनांच्या आणि घरगुती उपकरणांच्या पत्र्याच्या भागांना आकार देणारं हे यंत्र. खाली डाय म्हणजे साचा, त्यावर कामगाराने पत्रा ठेवायचा, वरून टनावारी वजनाचा ठोका. पत्रा ठेवणारा हात आणि ठोका यांच्यात सेकंदाचं अंतर. दिल्लीभोवतीच्या औद्योगिक पट्ट्यात, विशेषतः गुरुग्राम-फरिदाबादकडे, वाहन उद्योगातल्या अशा जखमींची नोंद सेफ इन इंडिया फाउंडेशन २०१९पासून 'क्रश्ड' या अहवालांतून मांडत आहे. त्यात बोटं जाण्याचं मोठं कारण हाच प्रेस आहे.

यावर उपाय फार जुना आणि सोपा. यंत्राला दोन बटणं लावायची, हातभर अंतराने, आणि दोन्ही एकाच वेळी दाबल्याशिवाय ठोका पडायचा नाही. दोन्ही हात बटणांवर असले तर डायमध्ये जाणार कोण? पायाचं पॅडल त्याहून कितीतरी वाईट, कारण पाय काम करतो आणि हात मोकळे राहतात.

पण बटणं कुठं लावायची? इथं छोटं गणित आहे. माणसाचा हात सेकंदाला साधारण १.६ मीटर वेगाने पुढे जातो असं धरतात. बटण सोडल्यावर यंत्र थांबायला पाव सेकंद लागत असेल, तर तेवढ्यात हात १.६ × ०.२५, म्हणजे ०.४ मीटर पुढे जाईल. म्हणून बटणं डायपासून निदान ४० सेंटिमीटर दूर हवीत. यंत्राचा ब्रेक झिजला आणि थांबायला अर्धा सेकंद लागू लागला, तर तीच बटणं ८० सेंटिमीटरवर न्यावी लागतील. ब्रेक झिजतो तो हळूहळू. बटणं मात्र जिथल्या तिथंच असतात.

त्यात जुन्या प्रेसची आणखी एक गोम आहे. कित्येक शेडमधले प्रेस पिन-क्लचचे असतात. एकदा क्लच धरला की फेरी पूर्ण झाल्याशिवाय ठोका मध्ये थांबतच नाही. अशा यंत्राला प्रकाशकिरणांचा महागडा पडदा लावला, आणि हात आत गेलेला त्या पडद्याला कळला, तरी उपयोग नाही. कळेल, पण थांबवणार कसं? तिथं हात आत शिरूच न देणारी पक्की जाळी, किंवा पत्रा चिमट्याने नाहीतर सरकत्या पाटावरून आत ढकलायची सोय, एवढेच उपाय उरतात. क्लचची स्प्रिंग थकली की न दाबताही दुसरा ठोका पडतो. "डबल मारला" म्हणतात त्याला.

एका बटणावर टेप चिकटवून ते कायमचं दाबून ठेवलेलंही अनेक ठिकाणी दिसतं. एक हात मोकळा झाला की तासाला जास्त नग निघतात. टेप कामगाराच्या हाताने लागते, पण नगांचा आकडा वरून आलेला असतो.

६. थोडं कायद्याचं

यंत्राला कुंपण हवं, हे आपल्या देशातल्या कायद्यात १८८१च्या पहिल्या फॅक्टरी ॲक्टपासून आहे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवली. त्या सभेच्या अर्जात रविवारच्या सुट्टीबरोबर आणखी एक मागणी होती, ती फारशी आठवली जात नाही. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जन्माचं अपंगत्व आलेल्याची सोय लावावी. पुढे १९४८चा कारखाना कायदा आला. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८७ साली त्यात धोकादायक प्रक्रियांचं प्रकरण जोडलं गेलं, आणि जिवावर बेतेल असं दिसलं तर व्यवस्थापनाच्या नजरेला आणून देण्याचा हक्क कामगाराला मिळाला. २१ नोव्हेंबर २०२५पासून या सगळ्याच्या जागी नवी सुरक्षा संहिता आली. तिने सेफ्टी ऑफिसरची अट हजार कामगारांवरून पाचशेवर आणली, हे चांगलं. पण विजेवर चालणारा कारखाना 'कारखाना' ठरायला आता दहाऐवजी वीस कामगार लागतात. बारा माणसांची प्रेसची शेड ही वाऱ्यावर सोडण्याची जागा नव्हे. माझ्या मते ही चूक झाली.

 

तुमच्या ओळखीत कुणाची शेड असेल, किंवा तुमचीच असेल, तर पुढच्या वेळी गेल्यावर पॉवर प्रेससमोर दोन मिनिटं उभे राहा. बटणं किती आहेत ते मोजा. दोन असतील तर दोन्हींना बोट लावून पाहा, एखादं टेपखाली दाबलेलं आहे का. असेल तर कामगाराला रागावू नका. टेप काढा, आणि तासाचा आकडा कुणी ठरवला ते विचारा.